रडका, हसरा आणि तारबाबूचा कान

आमच्या दादाचा हात लई वाईट. हे मी बहीण म्हणून सांगते, म्हणजे कमीच करून सांगत असणार. रझाकारांच्या वक्ताला तो सरहद्दीवरच्या कॅम्पात होता. तिथं त्यानं काय केलं, कुणाला केलं, ते घरात कधी सांगितलं नाही, पण परत आला तो हात सैल घेऊनच. संस्थान विलीन झालं, तहसील कचेरीत त्याला कारकुनी मिळाली. दिवसभर फायली खालून वर आणि वरून खाली करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन काही कारण सापडलं नाही तर म्हशीला मारायचा. आई म्हणायची, त्याच्या हाताला काम नाही गं बाई. मी म्हणायचे, मग विहीर खणायला लाव. एकदा हे त्याच्या कानावर गेलं आणि म्हशीच्या वाटणीचं मला मिळालं.

असल्या माणसाला सिनेमाचा नाद लागला.

तुळजापुरात तेव्हा जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा आणि जत्रा उठली तरी महिनोन् महिने तळ ठोकून असायचा. पुरुष पुढं वाळूवर, बायका मागं दोरी बांधून केलेल्या जागेत. दरवर्षी सिनेमाच्या बक्षिसांची वेळ आली की सोलापूरच्या एसटीतून सिनेमाचं एक इंग्रजी मासिक यायचं. कंडक्टर ते न्हाव्याच्या दुकानात टाकायचा आणि मॅट्रिक झालेला कुणीतरी वाचून अर्थ सांगायचा. आधी नुसती नावं छापलेली असत. उत्तम नट म्हणून तिघं, उत्तम नटी म्हणून तिघी. बक्षीस कुणाला मिळालं ते कळायचं पुढं काही आठवड्यांनी. ह्या मधल्या आठवड्यांत आमच्या गावातली माणसं माणसांत नसायची.

त्या वर्षीच्या तिघांतल्या दोघांना आमच्या घरात नावं नव्हती. एक रडका, एक हसरा. रडका हळू बोलायचा आणि शेवटच्या रिळात मरायचा. हसरा मरायचा नाही, गाणं म्हणत सायकलवरून निघून जायचा. तिसरा कोण होता ते कुणी विचारतही नव्हतं. दादा रडक्याचा. त्याचं म्हणणं असं की ह्या वर्षी रडका दोन सिनेमांत मेलाय, आणि दोनदा मेलेल्याला बक्षीस न द्यायला ती माणसं काय दगडाची हायेत? हसऱ्याची पार्टी म्हणायची, रडायला कांदा पुरतो, एवढ्या माणसांना हसवून दाखवा. ह्यावरून न्हाव्याचा आरसा फुटला. फुटलेल्या काचेवर एकाचा तळपाय चिरला, आणि अर्धी दाढी झालेला एक माणूस तसाच साबणाच्या तोंडानं पळत घरी गेला. तंबूत हसरा पडद्यावर आला की दादा वहाण भिरकावायचा. एकदा ती वहाण हसऱ्याला न लागता फौजदाराच्या मेव्हण्याला लागली. त्या दिवशी दादा मार खाऊन आला. ओठ सुजलेला, सदरा फाटलेला, पण लग्नाहून आल्यासारखा खुशीत होता. मला तर किळस आली. मला त्या रडक्याहसऱ्याचं काही सोयरसुतक नव्हतं. माझं लग्न ठरलं होतं, आणि सगळं माझं लक्ष तिकडं होतं.

मुलगा येडशीचा. स्टेशनात तारबाबू. त्या छोट्या गाडीच्या स्टेशनात तारेचं यंत्र कट्टकट्ट करायचं आणि हे कान देऊन त्याची अक्षरं करायचे. म्हणजे आमचे हे. तेव्हा अजून आमचे झाले नव्हते. साखरपुड्याला मी त्यांना पाहिलं. मधेच बोलता बोलता थांबून ते लांबच्या आवाजाला कान देत. माझ्या थोरल्या काकू म्हणाल्या, पोरगं येडबंबू दिसतंय. मला मात्र तेच आवडलं. आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकून घेत नव्हतं, आणि हा माणूस ऐकण्याचाच पगार घेत होता.

एका मंगळवारी ते देवीच्या दर्शनाला आले आणि आमच्याकडं जेवायला थांबले. पुरणपोळी होती. मी वाढत होते. दादानं जावयाचं मन राखायला म्हणून विचारलं, "काय जावईबापू, ह्या साली नटाचं बक्षीस कुणाला?"

माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी मनात म्हटलं, रडका म्हणा, बाबा, रडका म्हणा.

"हसऱ्याला," हे म्हणाले. "त्यात विचारायचं काय? रडक्याला मागं मिळालंय की."

दादानं घास ताटात परत ठेवला. आण्णा, म्हणजे आमचे वडील, पुजारी माणूस, हसून म्हणाले, "जाऊ द्या, जेवा आधी." पण दादा उठला. हात धुऊन म्हणाला, "इथं कशाला वाद? चला, देवीलाच विचारू."

ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हे बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. देवळात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनातला प्रश्न विचारायचा. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार. लांबलांबची माणसं तिथं पोरीचं लग्न, कोर्टाचा निकाल असं काहीबाही विचारायला येतात. आम्ही तर पुजाऱ्यांचीच पोरं, आम्ही काय वाट्टेल ते विचारायचो. म्हैस गाभण राहील का, बदली टळंल का. मग नटाचं बक्षीस काय जड होतं? आण्णा घरीच राहिले. ओटीचं पितळी ताट घेऊन मला मागून जायला सांगितलं.

आधी दादानं हात ठेवले. डोळे मिटून मोठ्यानंच म्हणाला, "रडक्याला मिळंल का?" दगड सावकाश उजवीकडं फिरला. दादानं ह्यांच्याकडं पाहिलं. झालं तुमचं, असं ते पाहणं.

मग हे पुढं झाले. हात ठेवले आणि म्हणाले, "आणि हसऱ्याला?" दगड पुन्हा उजवीकडंच फिरला.

भोवतीचे यात्रेकरू हसले. हे पण हसले. "दादा," हे म्हणाले, "देवीनं भांडण मिटवलं बघा. निम्मं निम्मं वाटून घेऊ."

दादा म्हणाला, "तुमी हातानं फिरवला."

"मी कशाला फिरवू?"

"मग भंडारा उचला."

भंडारा म्हणजे देवीची हळद. ती तळहातावर उचलून माणूस जे बोलतो ते आमच्याकडं शेवटचं. खोटं बोलून ती उचलणारा कुणी मी आजवर पाहिला नाही. हे शांतपणे म्हणाले, "नटासाठी भंडारा उचलत नसतात, दादा. तो लग्नात उचलीन."

दादानं त्यांच्या कानाखाली ठेवून दिली. पूर्ण हाताची, खांद्यातून आणलेली. आवाज देवळात घुमला. हे बाजूच्या खांबावर गेले, तिथून खाली बसले, आणि त्यांच्या डाव्या कानातून रक्ताची ओळ मानेवर उतरली. पण हे काय गाय नव्हते. बसल्या बसल्याच त्यांनी दादाचे दोन्ही पाय ओढले. दादा पालथा पडला, तोंड फरशीवर आपटलं, दात हातात आला. मग दोघं एकमेकांच्या अंगावर. माझ्या ताटातून सांडलेल्या हळदीत लोळत होते, आणि हळदीत रक्त कालवून फरशी अशी झाली की एक म्हातारी तिथंच ओरडत बसली. कुणी सोडवत नव्हतं. दादा ह्यांच्या छातीवर बसून त्याच कानावर पुन्हा पुन्हा मारत होता. मला दुसरं काही सुचलं नाही. मी हातातलं पितळी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि दादाच्या टाळक्यात घातलं. तेव्हा कुठं तो थांबला. वळून त्यानं मलाही एक दिली, पण तिला जोर नव्हता.

हे टांग्यानं गेले, कानावर पंचा धरून.

काही दिवसांनी येडशीहून माणूस आला. त्यानं ओसरीवर बसून सांगितलं की सोलापूरच्या डॉक्टरानं पाहिलं, डाव्या कानाचा पडदा गेला, आता तो कान कामातून गेला. तारेवरून काढून मालधक्क्यावर घातलंय, पोती मोजायला. पण मुलगा म्हणतोय की लग्न मोडायचं नाही, तुमचं काय ते सांगा.

आण्णा दादाकडं बघायला लागले. दादाच्या हिरडीला अजून कापूस होता. तो म्हणाला, "बहिऱ्याला आपली पोरगी द्यायची न्हाय."

हे कुणी म्हणावं? ज्यानं बहिरं केलं त्यानंच. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की दिसायचं बंद झालं. मी देवघरात गेले, कोयरीतली हळद मूठभर घेतली आणि ओसरीवर सगळ्यांसमोर आले. पाहुण्याचीही लाज धरली नाही. म्हटलं, "हा भंडारा उचलला. ह्या घरातून निघाले तर येडशीला जाईन, न्हायतर आडात. तिसरीकडं न्हाय."

"टाक ती हळद," दादा म्हणाला.

"न्हाय टाकत."

"टाक म्हणतो न्हवं."

"तू दुसरीकडं लावलेलं लग्न नको मला, आणि तू मोडलेलं पण नको." दादा माझ्याहून खूप मोठा, जन्मात मी त्याला अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

कोपऱ्यात त्याची कॅम्पातली काठी असायची. ती घेऊन त्यानं माझ्या मनगटावर मारायला सुरुवात केली. तोंडावर नाही, पाठीवर नाही, मनगटावरच. भंडारा हातातून पडला म्हणजे शपथ पडली, असा त्याचा हिशेब. तो मारत होता आणि प्रत्येक वेळी म्हणत होता, उघड मूठ, उघड मूठ. आई दारात उभी राहून तोंडात पदर कोंबत होती. आतलं हाड मोडलेलं मला कळलं, पण मूठ उघडली नाही. उघडता येतच नव्हती, बोटं आकसून गेली होती. शेवटी येडशीचा माणूसच मधे पडला आणि काठी त्याच्याही खांद्याला लागली. तेव्हा आण्णा उठले. माझ्या मुठीत अजून हळद आहे का ते त्यांनी बोटं उचकटून पाहिलं. होती, घामानं भिजून तिचा गोळा झाला होता. ती त्यांनी देवघरात नेऊन ठेवली आणि म्हणाले, "हिला येडशीला द्यायची. आता ह्यावर बोलायचं न्हाय."

रझाकारांना न भ्यालेला दादा त्या हळदीच्या गोळ्याला भ्याला. काठी ठेवून निघून गेला.

माझं मनगट वाकडंच बसलं. लग्नात चुडा चढेना, म्हणून कासारणीनं दुसऱ्या हातात जास्त भरला.

लग्न होऊन मी येडशीला आले त्याच सुमारास बक्षिसांचा निकाल लागला. बक्षीस तिसऱ्यालाच मिळालं, ज्याच्यासाठी आमच्या गावात कुणी कुणाला नखसुद्धा लावलं नव्हतं. माहेरून खबर आली की न्हाव्याच्या दुकानात ते वाचून झाल्यावर एकेक जण वहाणा घालून घरी गेला. ह्यांना मी सांगितलं तर हे पोट धरून हसले. मी मात्र चुलीपुढं बसून रडले. कान गेला, तार गेली, माझा हात गेला, आणि ज्यांच्या नावानं गेलं त्यांना पत्तासुद्धा नाही. हसायला कसं येतं माणसाला, असं मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू उजव्या बाजूनं बोल, डावीकडनं मला नीट येत न्हाय."

तेव्हापासून मी जन्मभर ह्यांच्या उजवीकडं बसले.

दादा बरीच वर्षं आमच्याकडं आला नाही. आण्णा गेल्यावर त्यांच्या दिवसांना मी गेले होते, तेव्हाही बोलला नाही. मग एकदा दुपारी येडशीच्या गाडीतून उतरून थेट घरी आला. केस पिकलेले, हात थरथरायला लागलेले. हे पायरीवर बसून सुपारी कातरत होते. दादा त्यांच्या शेजारी बसला, नेमका डाव्या बाजूला. मी दारात होते. दादा मान खाली घालून, हळू आवाजात म्हणाला, "माझं चुकलं, बाबा. लई चुकलं."

हे सुपारी कातरत राहिले. त्यांना काही ऐकू गेलंच नव्हतं.

मला एवढा संताप आला. इतक्या वर्षांनी माणूस माफी मागायला येतो, आणि ती मागतो कुठं, तर ज्या कानाचा त्यानंच मुडदा पाडला त्याच कानात. मी म्हटलं, "दादा, उठा. त्या बाजूला जाऊन बसा. आणि आत्ता म्हणालात ते परत म्हणा. मोठ्यानं म्हणा."

दादा उठला. गुडघ्यावर हात टेकत ह्यांना वळसा घालून उजवीकडं गेला आणि बसला. ह्यांनी अडकित्ता थांबवला, मान थोडी तिरपी केली, जशी तारेला करायचे तशी. दादानं तोंड उघडलं. मी वाट पाहत होते. माझं वाकडं मनगट मी दुसऱ्या हातात धरलं होतं.

शेवटी दादा म्हणाला, "त्या साली रडक्यालाच मिळायला पाहिजे होतं."

ह्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग कातरलेली सुपारी त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "हसऱ्याला."

दोघं हसायला लागले. दादाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो पडलेल्या दाताच्या फटीतून हसत होता. मी दोघांनाही चहा दिला नाही.