काटे ओठांत धरणारे अण्णा

…आणि समितीवाले मला फोनवर सांगतात, "सुमनबाई, अण्णांची पंच्याहत्तरी आहे, गौरवाच्या पुस्तकासाठी दोन पानं चांगलं चांगलं लिहा, भांडण नको." भांडण नको म्हणजे काय? घड्याळाचे काटे ओठांत धरू नका, हे मी होळीपासून ओरडते आहे. अण्णा ऐकत नाहीत. त्यांच्या घरच्या वहिनी नुसत्या देवापुढं बसतात. समितीला शाल आणि हाराची पडलेली. मग मी कुठं बोलायचं? अण्णा हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार, म्हणून इथंच लिहिते.

मी भंगार घेणारी बाई. चौथीत शाळा सुटली. देवळाली कॅम्प, भगूर भागातल्या जुन्या बंगल्यांची अडगळ उचलते. बारा वर्षांपूर्वी अशाच अडगळीत पितळी डब्यात एक बंद मनगटी घड्याळ निघालं. कोणी म्हणालं, गंगापूर रोडला मधुकरअण्णा राहतात, कारखान्याच्या टूलरूममधून रिटायर झालेत, लढाईतली घड्याळं जमवतात. गेले. वहिनींनी कपबशीत चहा दिला, खुर्चीवर बसवलं. माझ्या धंद्यात चहा पायरीवर मिळतो. हे आधी लिहिते, कारण घड्याळाचं नंतर कळलं, माणसं तिथंच कळली.

अण्णांनी घड्याळ उलटं केलं. "पाठीवरचा बाण बघा, सरकारी माल. पट्ट्याच्या कांड्या बघा, झाळून पक्क्या केल्यात. शिपाई पळताना घड्याळ पडायला नको. दुसऱ्या महायुद्धातलं आहे. आणि आकड्यांवर हे पिवळं दिसतं ना, ते रेडियम."

मी म्हटलं, "रिक्षाच्या मागं चिकटवतात ते?"

अण्णा इतके हसले की वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग एकदम गंभीर झाले. "अहो, तुमच्या रिक्षावर नुसतं नाव आहे. हे खरं आहे. याची चमक मरते, विष मरत नाही. आपण सगळे गेलो तरी हे असेल." एवढं बोलून त्यांनी चिमट्यानं दोन्ही काटे काढले आणि ठेवले कुठं? ओठांत! टूलरूमची सवय. दोन्ही हात अडकलेले असले की बारीक वस्तू ओठांत धरायची, म्हणजे हरवत नाही. त्या काट्यांवरही तेच पिवळं.  आणि माझी अक्कल बघा, पुढं गुरूंचं बघून मीही तसंच करू लागले.

त्यांनी मला सगळं शिकवलं. काही लपवलं नाही. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या घड्याळात काट्याखाली तबकडीवर तपकिरी सावली उमटते. "सावली वाचा सुमनबाई," म्हणायचे, "काटा एका जागी किती काळ बसलाय ते कळतं. कागद खोटं बोलेल, डाग नाही बोलणार."

एकदा शौकीन लोकांच्या बैठकीत अण्णांनी एका घड्याळाला अस्सल म्हणून सांगितलं. मी ते पदराखाली धरून बघितलं. आकडे हिरवे चमकले. मी म्हटलं, "अण्णा, खरं असतं तर आतापर्यंत विझलं असतं. तबकडी नव्यानं रंगवलीय." एक पाहुणे म्हणाले, "आता भंगारवाली आम्हाला शिकवणार?" अण्णांनी भिंग लावून बघितलं, उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी चुकलो. सुमनबाई बरोबर आहेत. आणि पाहुणे, यांना 'बाई' म्हणा, नाहीतर चहा न घेता जा." एवढ्या मानाच्या माणसाला चूक कबूल करायला एक मिनिट लागलं नाही. असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता हा माणूस स्वतःच्या ओठावरच्या फोडाबद्दल काय म्हणतो? "दाताची कड लागते." आणि मी फारच बोलले तर माझीच थट्टा मला परत, "अहो, रेडियमच ते! रिक्षावाले रोज लावतात."

अण्णा, तारीख लावायची तुम्हीच शिकवलीत. लावते. संक्रांतीला तुम्ही तिळगूळ दिलात, तेव्हा ओठ साफ होता. होळीला पोळी खाताना चुरचुरतं म्हणालात. अक्षय्य तृतीयेला आमरसाची वाटी बाजूला सारलीत. आता श्रावण आहे, आणि फोड तिथंच. खालचा ओठ, डावी बाजू, बरोबर जिथं काटे धरता तिथं. एका जागी पाच महिने बसलेला डाग. वाचा की! मी भिंग आणून देऊ?

काहीच नसेल, देव करो. पण मला भीती वाटते, आणि वाटते हे लिहायला लाज नाही. मी माझं तोंड तपासून आले. आरसा घालून बघतात, दुखत नाही. माझं साफ निघालं. तुम्हाला मात्र भीती तपासणीची नाही, काय निघेल त्याची आहे. मला कळतं.

अण्णा, तुम्ही शंभरी पार करा. तुमची दृष्टी आणि हात असेच राहोत, वहिनींचा चहा आम्हाला मिळत राहो. रविवारी हे पुस्तक तुमच्या हातात पडेल. बुधवारी सकाळी दहाला डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावून ठेवला आहे, रिक्षा मी घेऊन येते. येता की नाही, मंगळवारी संध्याकाळपर्यंत सांगा. "बघू" हे उत्तर मी धरणार नाही.