अप्पा रागावलेले नाहीत

मला बघायला पाहुणे येणार होते, त्याच आठवड्यात मी कॉलेजसाठी मैंदर्गी सोडून सोलापूरला आले. अप्पा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "गेलीस तर या घरातून भाकरीचा तुकडाही येणार नाही." अप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

खोली मिळाली ती मागांच्या खडखडाटात. आजूबाजूची विणकर मंडळी आपसात तेलुगू बोलायची. माणसं चांगली, पण माझ्याशी बोलणार काय, कपाळ! दिवसभरात तोंड उघडायचं ते वर्गातल्या हजेरीपुरतं. संध्याकाळी रडू यायचं आणि रडू आलं की स्वतःचाच संताप यायचा.

पण दर शनिवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर घरून डबा यायचा. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी. निरोप मात्र काही नाही. त्या वर्षी तर्कशास्त्र शिकत होते, तेव्हा बसले युक्तिवाद मांडत. अप्पा रागावलेले असतील तर डबा येणार नाही. डबा तर येतोय. म्हणून अप्पा रागावलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांना दाखवला, घरचं आहे असं न सांगता. सर म्हणाले, "युक्तिवाद वैध आहे, दोष नाही. आधारविधानं खरी आहेत का, ते मात्र बाहेर जाऊन तपासावं लागतं." मी बाई, 'दोष नाही' एवढंच ऐकलं! इतकी हुरळले की त्याच रविवारी सरळ मैंदर्गीची एसटी धरली.

परसदारी अव्वा, म्हणजे माझी आई, भांडी घासत होती. मला बघून तिचा चेहराच उतरला. "कशाला आलीस गं?" ती कन्नडमध्ये कुजबुजली. "डबा मी चोरून पाठवते. त्यांना कळलं तर तोही बंद होईल."

म्हणजे पहिलं विधानच खोटं. अप्पांच्या रागाचा आणि डब्याचा काही संबंधच नव्हता. अव्वा हात धरून मागे ओढत होती, तरी मी तशीच घराच्या पुढच्या बाजूला असलेल्या अप्पांच्या दुकानात गेले. वाटलं, समोर बघून तरी विरघळतील.

आमच्या घरात सगळं कन्नडमध्येच चालायचं. मराठी लागायची ती परगावच्या गिऱ्हाइकांशी. अप्पा डाळ तोलत होते. मी "अप्पा" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मराठीत विचारलं, "बोला बाई, काय देऊ?"