दिसला का?

तारांगणात सगळे तिला ताराबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. काम सगळं अंधारातलं. दिवे मालवले की घुमटाखाली कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून, उजेडाचा बाण छतावर फिरवत ती आकाश सांगायची. दिवे लागले की लोक खुर्च्या आपटत दाराकडे धावायचे. सांगणारीचं तोंड बघायला वेळ कोणाला होता!

ठळक तारे दाखवायला अक्कल लागत नाही, ते स्वतःच मिरवतात. ताराबाईचा जीव अडकला होता एका फिकट ठिपक्यात. बाण तिथे नेऊन ती म्हणायची, "याला गरीब समजू नका हं. हा राक्षसी तारा आहे. आपले कितीतरी सूर्य याच्या पोटात मावतील. रंग बघा, निळसर पांढरा. नळावर निळी खूण म्हणजे गार पाणी, ताऱ्यांचं मात्र उलटं. लाल तारा त्यातल्या त्यात गार, आणि हा सूर्याच्या दुप्पट तापलेला. तेज तर शेकडो पट. पण राहतो इतका लांब, की इथवर येईतो त्यातलं चिमूटभरच उरतं. तेही कधी निघालेलं? तुमच्या खापरपणजोबांच्याही आधी! थेट बघाल तर हरवेल. नजर जरा बाजूला ठेवा. दिसला का?"

आणि ती थांबायची. अंधारात आधी कुजबुज, मग कुठूनतरी "हो!" आणि मग सगळीकडून "हो, हो, दिसला!"

"शाब्बास!" ती म्हणायची आणि पुढे सरकायची.

त्या 'हो'वर तिचा दिवस निघायचा. घरी कुलूप उघडायचं तिनंच, दिवा लावायचा तिनंच. आई गेल्यापासून भाजीत मीठ कमी पडलं, असंही कोणी म्हणालं नव्हतं. बहीण फोन करायची, पण बोलायची बहीण आणि ऐकायची ही. तिने काही विचारावं आणि कोणी उत्तर द्यावं, असं जगात एकच ठिकाण होतं.

मग घसा बसला. गुळण्या झाल्या, काढे झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, गाठ काढावी लागेल, आवाज राहीलच असं नाही.

"बाई, त्याआधी रेकॉर्ड करून घेऊ," साहेब म्हणाले. "तुमचा आवाज आपल्याला घालवायचा नाहीये." आवाज घालवायचा नव्हता. बाई गेल्या असत्या तर चाललं असतं.

रिकाम्या सभागृहात ती सगळं बोलली. "दिसला का?" विचारून सवयीने थांबली, मग "शाब्बास!" म्हणाली.

"इथे मोठी गॅप आलीय, कापतो," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात नसलेली बाई हमरीतुमरीवर आली. "गॅप नाही ती! तिथे लोक बोलतात."

"रेकॉर्डशी कोण बोलणार, बाई?"

"बोलतील."

त्याने खांदे उडवले आणि ती जागा तशीच ठेवली.

गाठ साधी निघाली, पण आवाज गेला तो गेलाच. घोगरी कुजबुज तेवढी राहिली. बरेच महिने ती तारांगणाकडे फिरकली नाही. लोक 'हो' म्हणत नसतील तर, या धास्तीने पाय निघत नव्हता. एका दुपारी मात्र तिकीट काढून ती शेवटच्या रांगेत बसली. दारावरचा माणूस नवा होता, त्याने ओळखलं नाही.

दिवे मालवले. घुमटातून तिचा जुना, खणखणीत आवाज आला. बाण फिकट ठिपक्यावर जाऊन थांबला. "नजर जरा बाजूला ठेवा. दिसला का?"

कोणीतरी खोकलं. पुढच्या रांगेत एक मोबाईल उजळला आणि विझला. पुढचा शब्द कधी येणार हे ताराबाईला पाठ होतं, आता येईलच. कोणीच बोलेना.

"दिसला," तिने घशातून ओढून काढलं.

"शाब्बास!" घुमट म्हणाला.

शेजारची बाई तिच्याकडे झुकली. "अहो आजी, रेकॉर्ड आहे ते. त्याला कुठे ऐकू जातंय?"

"हो," ताराबाई म्हणाली. शेजारणीला तेही ऐकू गेलं नाही.