सोनईचा चालता राजवाडा

देवळाली प्रवराहून निघालो तेव्हा टेम्पोत अख्खा राजवाडा होता, गोधड्यांत गुंडाळलेला. म्हणजे एलईडी भिंतीचे तुकडे. ते जोडून संगणक सुरू केला की राजवाडा उभा राहतो. घरातली मी पहिली पदवीधर आणि एकटीनं सांभाळायचं हे माझं पहिलं काम. राहुरीपर्यंत माझं तोंड मिटलं नाही.

"ताई, जरा दम खा," ड्रायव्हर राजूभाऊ म्हणाले. "म्होरं उसाच्या ट्रॉल्या हायेत. तुमचा राजवाडा काय उडत न्हाई जायचा."

सोनईला मंगल कार्यालयात दुपारचा खेळ होता. नाटक मंडळीचे मालक अण्णा स्वतःच राजा होतात. त्यांनी शेंगोळे (कुळथाच्या पिठाची रश्शात शिजवलेली कडबोळी) वाढले आणि वाढता वाढताच सांगितलं, "पोरी, आज तुझी भित चालली तर ठिवू. न्हाईतर उद्यापास्नं आपले जुने पडदे बरे." तिखटानं की भीतीनं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

राजाच्या फेट्यात मी काडेपेटीएवढा सेन्सर शिवला होता. राजा चालला की संगणकाला कळतं आणि भिंतीवरचा राजवाडा त्याच्याबरोबर सरकतो. अण्णा दोन पावलं चालले, मागे खांब सरकले, दालन उघडलं. "आरं, लई भारी!" प्रेक्षकांतून आरोळी आली आणि टाळ्यांचा कडकडाट!

अण्णांना भरून आलं. आमच्याकडे ऊर भरून आला की सत्कार होतो, त्याला वेळकाळ नसतो. त्यांनी भर दरबारात पहिल्या रांगेत बसलेल्या गावच्या सरपंचबाईंना वर बोलावलं आणि स्वतःचा फेटा उतरवून त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी कपाळाला हात लावला.

बाई आपल्या खुर्चीकडे निघाल्या. राजवाडाही निघाला. अण्णांमागे भिंतीवर नुसतं माळरान उरलं! बाई वळल्या, तो वळला. त्या बसल्या, तो मटकन बसला.

"आगं बया! ह्यो कुठं चाललाय माज्या मागं?"

राजवाडा थांबवायच्या बटणावर मी बोट ठेवलं. तेवढ्यात अण्णांनी हात जोडले. "बाईसाहेब, आमचा राजवाडा द्या की माघारी!"

"न्हाई देत! सरपंच झाल्यापास्नं पयल्यांदाच कुनीतरी माज्या म्हनन्यापरमानं हालतंय!"

लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. मी बोट उचललं. बाईंनी दोन चकरा मारल्या आणि मगच फेटा परत केला. राजवाडा स्वगृही आला तेव्हा शिट्ट्या थांबेनात.

खेळानंतर अण्णांचा आवाज बसला होता. "भित ऱ्हाईल," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पन सत्काराला फेटा येगळा आन."

दिवस मावळायच्या आत घरी पोचले. मी नेमकं काय काम करते, हे आईला सांगायला आजवर शब्द सापडत नव्हते. आज शब्द शोधलेच नाहीत. तिच्या डोक्याला माझी ओढणी गुंडाळली आणि तिला अंगणात चालायला लावलं.

"मागं काय हाय गं?"

"राजवाडा. तू जाशील तिकडं येतोय."

चार पावलं ती ऐटीत चालली. मग थबकून मागं बघत म्हणाली, "त्येला म्हनावं, जपून ये. वाळवन पडलंय."