रिकामी फेरी

“डोळे मिटा. आता सांगा, एक का दोन?”

हे वाक्य कानावर पडलं की समजायचं, आमचे विज्ञानाचे सर मागे येऊन उभे आहेत आणि त्यांच्या हातात कर्कटक आहे. कंपासपेटीतलं तेच दोन टोकांचं हत्यार, जे तुम्ही-आम्ही भूमितीपेक्षा पुढच्या बाकावरच्या पाठीसाठी जास्त वापरलं. सरांनी त्याची टोकं दगडावर घासून बोथट केली होती. इतर मास्तर खिशाला पेन लावतात, सर कर्कटक लावत.

अमडापूरच्या शाळेत मी मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, त्यामुळे प्रयोगासाठी माझी कातडी सगळ्यात जवळची. ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर ठेवून ते माझ्या बोटाच्या टोकाला कर्कटक टेकवत. मी म्हणे, “दोन.” मग दोन बोटं अंतर ठेवून पाठीला टेकवत. मी म्हणे, “एक.” माझी पाठ वर्षानुवर्षं तेच चुकीचं उत्तर देत राहिली आणि ते वर्षानुवर्षं खूश होत राहिले.

“काऊन असं होते, सांगू?” मी नको म्हटलं तरी ते सांगत. “मेंदूच्या सातबाऱ्यावर बोटाच्या नावानं मोठं वावर आहे. ओठाच्याही नावानं आहे. पाठीच्या नावानं काय? दोन वावरांच्या मधातला धुरा! पाठ दिसते येवढी मोठी, पण वर तिले इचारते कोण?”

वर्गात ते पुस्तकातलं वाक्य एकदा शुद्ध आवाजात वाचत. “संवेदी चेतापेशी ज्ञानेंद्रियांकडून मेंदूकडे आवेग वाहून नेतात.” मग पुस्तक मिटत आणि खरा तास सुरू होई. तव्याला हात लागला तर हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर निघतं, कारण निर्णय मेरुरज्जूत होतो. “ग्रामपंचायतीनं काम उरकलं, मग तहसीलले कळवलं. सरकारात याच्या उलटं असते, म्हणून सरकारचे हात भाजेल असतात.” अंगातला सदरा दिवसभर का जाणवत नाही, तर मेंदू रोजचीच बातमी पुन्हा छापत नाही. हे सांगताना त्यांचा स्वतःचा चष्मा कपाळावर असे आणि तो ते टेबलावर शोधत असत.

आणि पायाचा अंगठा. “तिथून निघालेली लाईन सगळ्यात लांब. कमरेपर्यंत एकच तार. जिची तार लांब, तिच्यावर पहिले संकट. शेवटच्या डीपीवर ज्याचं वावर आहे त्याले इचारा, वीज पहिले कोणाकडची जाते.” पोरं हसत. निम्म्या पोरांची वावरं शेवटच्या डीपीवरच होती.

त्यांच्या प्रयोगात एक गोम होती. मधूनच ते कर्कटक टेकवतच नसत. नुसतं विचारत, “एक का दोन?” याला ते रिकामी फेरी म्हणत. दहातली आठ माणसं रिकाम्या फेरीतही काहीतरी उत्तर देतात, असा त्यांचा अंदाज होता. “माणसाले वाटते, इचारलं म्हणजे काही तरी असेलच. काहीच नाही तं काहीच नाही म्हणावं ना! पण त्याले हिंमत लागते.”

ही हिंमत एका विज्ञान दिनाला मोठ्या पाहुण्यांकडे नव्हती. पाहुणे पुढारी होते. त्यांनी पंचेंद्रियांवर बोलायला सुरुवात करून धरणाच्या कालव्यापर्यंत मजल मारली होती. शाल, श्रीफळ, फोटो झाले आणि सर कर्कटक घेऊन पुढे झाले. पाहुण्यांनी डोळे मिटून तळहात पुढे केला. फोटोवाल्याने पुन्हा फोटो काढला. सरांनी हाताला काहीही न लावता विचारलं, “साहेब, एक का दोन?”

“दोन,” पाहुणे म्हणाले. ठाम आवाजात, घोषणा केल्यासारखे.

मुख्याध्यापक छताकडे बघू लागले. सर माईकवर म्हणाले, “मुलांनो, एकही टोक नव्हतं. यात साहेबांचा दोष नाही, मेंदूची सवयच अशी आहे.” कार्यकर्त्यांना हसावं की नाही ते ठरवायला वेळ लागला. ते हसल्यावर पाहुणे हसले. पुढच्या वर्षी विज्ञान दिनाला प्रयोग नव्हते, रांगोळी स्पर्धा होती.

सरांना साखरेचा आजार होता, जुना. गोळी आठवली की घेत आणि पेढा न विसरता खात. शरीराबद्दल एवढं बोलणारा हा माणूस स्वतःच्या शरीराशी पाहुण्यासारखा वागायचा.

एका संक्रांतीच्या सुमाराला त्यांच्या घरी हळदीकुंकू झालं. दुसऱ्या दिवशी वहिनींना पुसलेल्या फरशीवर लाल ठिपके दिसले. कुंकू सांडलं असेल म्हणून त्यांनी पुसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसले, पुन्हा पुसले. बायका कुंकवाची वाटी किती वेंधळेपणाने हाताळतात, असं त्या शेजारणीला बोलल्यासुद्धा. मग एके सकाळी सर ओट्यावर पेपर वाचत पाय पसरून बसले होते, तेव्हा त्यांना सरांच्या तळव्याला करंगळीखाली पडलेलं भोक दिसलं. त्यांनी चप्पल उचलून पाहिली. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार वर आला होता. तो सरांच्या पायात रोज जात होता आणि रोज निघत होता. सर त्याच चपलेने शाळेत येत होते, वर्गात उभे राहत होते, चेतासंस्था शिकवत होते.

वहिनींचा मला फोन आला. “भाऊजी, तुम्ही या अन् सांगा यायले. माह्यं ऐकून नाही राह्यले. यायच्या मोठ्या भावाचा पाय असाच गेला, गुडघ्यापासून कापला. तेही म्हणत होते, दुखत नाही.”

मी दुपारी गेलो. सरांनी पाय सतरंजीखाली घेतला होता.

“दुखत नाही तं डॉक्टरले सांगू काय?” ते मला म्हणाले. “लहानसं भोक आहे. डब्यातली चिमूटभर हयद भरली त्यात. भावाचं वेगळं होतं, त्याले तर काही समजतच नव्हतं.”

“अन् तुमाले समजते?” वहिनी दारातून म्हणाल्या.

“मी हा धडा शिकवतो, बाई.”

“शिकवता ना? मग द्या परीक्षा.”

त्यांनीच सरांच्या शर्टाच्या खिशातून कर्कटक काढून माझ्या हातात दिलं. सर हसले. मुलाखतीला आलेला उमेदवार आपल्याच आवडीचा प्रश्न आल्यावर हसतो, तसे. “पण कायद्यानं घ्या सर. रिकाम्या फेऱ्या पायजेत मधात.” आणि त्यांनी डोळे मिटले.

मी बोटांपासून सुरुवात केली. दोन, बरोबर. एक, बरोबर. मी काहीच टेकवलं नाही तेव्हा ते लगेच म्हणाले, “काहीच नाही.” ओठ, गाल, मनगट, एकही चूक नाही. माणूस तयारीचा होता. मग मी सतरंजी बाजूला केली, उजवा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याखालच्या मऊ भागावर, जखमेपासून दूर, दोन्ही टोकं टेकवली.

“एक का दोन?”

ते विचारात पडले. मी जरा दाब वाढवला. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हता.

मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “रिकामी फेरी!” ते म्हणाले. “मलेच फसवता का बे? माह्याच शाळेत?”

मी कर्कटक तिथेच धरून ठेवलं. वहिनी म्हणाल्या, “डोळे उघडा.”

त्यांनी उघडले. कर्कटकाची टोकं मांसात रुतून दोन खळगे पडले होते. सर त्याकडे बघत राहिले. घाबरून नव्हे; सूक्ष्मदर्शकाखालची काच बघताना त्यांचा चेहरा व्हायचा, तसा तो झाला होता. त्यांनी माझ्या हातातून कर्कटक घेतलं आणि डोळे मिटून स्वतःच वर सरकवत नेलं. तळवा. टाच. घोटा. पोटरीपाशी ते थांबले.

“इथून लाईन चालू आहे,” ते म्हणाले. “इथून खाली अंधार.” मग वहिनींकडे न बघता म्हणाले, “गाडी बोलाव. बुलढाण्याले जाऊ.”

पाय वाचला. पायाची करंगळी गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर गोष्ट वेगळी होती. सर परत आले ते बंद बूट घालून, आणि पहिल्याच तासाला पोरांना म्हणाले, “दुखणं ही वाईट गोष्ट आहे असं कोणी सांगितलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.” एवढंच. त्यावर त्यांनी भाषण केलं नाही, आणि भाषणं ऐकून ऐकून कंटाळलेल्या माझ्यासारख्याला त्याचं फार बरं वाटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी वहिनी हातात आरसा घेऊन त्यांचे तळवे बघत. मी कधी गेलो तर सर पाय वर धरून बसलेले असत, एखाद्या संस्थानिकासारखे. “आता माह्या पायाची लाईन हिच्या डोळ्यातून जाते,” ते सांगत. वहिनी म्हणत, “बिल येते पण त्याचं. गोड बंद.”

गेल्या वर्षी सर गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. साखरेच्या माणसाला हृदयाचा झटकासुद्धा कधीकधी न दुखता येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. लोक म्हणाले, पुण्यवान, त्रास झाला नाही. वहिनी सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, “मी आतच होती, भाऊजी. भाकरी करून राह्यली होती. दुखलं असतं तं त्यायनं मले हाक मारली असती ना?”



सरांचं कर्कटक वहिनींनी मला दिलं. ते माझ्या टेबलाच्या खणात असतं. शेजारच्या खुर्चीवर आता नवे विज्ञानाचे सर बसतात. ते धडा पडद्यावर दाखवतात, रंगीत आणि हलता. मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत असतो आणि एखादे वेळी पाठीवर काहीतरी टेकल्यासारखं वाटतं. मी वळून बघत नाही. सर म्हणायचे, काहीच नाही तर काहीच नाही म्हणावं. तेवढी हिंमत मला अजून झालेली नाही. मी हळूच म्हणतो, “दोन.”