दवाखान्यासमोरची पेरूवाली

वडील पोटाच्या कॅन्सरनं गेले होते, त्यामुळं माझं पोट दुखायला लागलं तसा मी घाबरलो. एका ओळखीच्या दुकानदारानं तेवढ्यात अँटिऑक्सिडंट पावडरचा महागडा डबा माझ्या गळ्यात मारला. म्हणाला, आता कॅन्सर शिवणार नाही. घासाघीस करत धंदा उभा केलेला मी तिथं भाव न करताच पैसे मोजून आलो. तो राग अजून गेलेला नाही.

तपासणीसाठी काढलेल्या पोटातल्या तुकड्याचा रिपोर्ट घ्यायला गेलो, तेव्हा हर्सूलच्या रस्त्यावर कॅन्सरच्या दवाखान्यासमोर एक म्हातारी पेरू विकत होती. एकेक पेरू पदराला पुसून, देठ वर करून मांडायची. मी भाव न विचारता किलोभर मागितले.

"मावशी, पेरूनं कॅन्सर टळतो म्हणतात. खरं का?"

"मला नाय माहीत, दादा. आमचे मालक रोज खायचे, तरी त्यांना इथंच आणावं लागलं. पेरू गोड हायेत, एवढंच सांगते." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "रिपोर्ट यायचाय व्हय? तसली माणसं भाव करत नायत."

डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही. जंतूंमुळं सूज आहे, गोळ्यांनी जाईल. फळं-भाज्या खा, तंबाखू सोडा. पावडरचं विचारलं तर म्हणाले, हमी कुठल्याच डब्यात मिळत नाही.

बाहेर येऊन मी घरच्यांसाठी आणखी पेरू मागितले आणि भाव ऐकून भडकलो. "एवढा भाव? मावशी, लुटायला बसलात का?"

तिनं तराजू खाली ठेवला आणि तोंडभर हसली.

"नाय निघाला ना कॅन्सर? बरं झालं, बाबा."

भाव मात्र तिनं एका रुपयानंही कमी केला नाही.