मोराची मान

ती घटना आठवली की हातातला चहा आजही तसाच निवतो. बायको म्हणते, "गेलात का पुन्हा त्या मोरामागं?" गेलो, काय करू!

तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहानशा तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावात दरवर्षी डिजिटल कलेचा महोत्सव भरायचा. दिवेलागणीला बाजार समितीच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरनं हलती चित्रं टाकायची आणि गावानं सतरंज्या घेऊन समोर बसायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. माझ्या लेखी तो नुसता बंदोबस्त होता.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी एक मुलगी ठाण्यात आली. सोलापूरच्या विणकर घरातली, वय बावीस-तेवीस. शाळेच्या हॉलमध्ये ठेवलेले तिच्या आजोबांचे जकार्डचे पुठ्ठे रातोरात नाहीसे झाले होते.

"पुठ्ठे?" मी म्हणालो. "अहो, इथं मोटारसायकली जातात."

तिनं मला शांतपणे समजावलं. चादरीवर नक्षी उठते ती या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमुळं. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. शेकडो पुठ्ठे क्रमानं दोऱ्यात ओवायचे, ती माळ मागावर फिरते आणि मोर विणला जातो. तिच्या आजोबांनी जन्मभर अशा नक्षी काढल्या. घरात त्यांना ताता म्हणत. कारखाना बंद पडला, सगळं मोडीत गेलं, मोराची ही एकच माळ उरली. तिनं ती उसवून प्रत्येक पुठ्ठ्याचा फोटो काढला होता. कॉम्प्युटर भोकं वाचणार आणि भिंतीवर मोर धाग्याधाग्यानं विणला जाणार. पण सरावात मोराची मान तुटलेली दिसली. पुठ्ठ्यांवरचे आकडे पुसलेले, त्यामुळं कुठंतरी क्रम चुकला होता. आता मूळ पुठ्ठेच नाहीत, तर मान जुळणार कशी?

"ताता येणारेत उद्या," ती म्हणाली. "त्यांना न विचारता आणलेत हो मी." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

तक्रारी अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. पुठ्ठा म्हणजे रद्दी, आणि रद्दी म्हणजे भंगारवाला, असा माझा सरळ हिशेब. त्याला आणून बाकावर बसवला आणि चांगलाच फैलावर घेतला.

"पोराची शपत साहेब, पुठ्ठा बगितला बी न्हाय!" तो रडकुंडीला आला. मला वाटलं, नाटकं करतोय.

दुपारी आमचे हवालदार खबर घेऊन आले. हॉल झाडणाऱ्या म्हातारीनं काल संध्याकाळी किराणा दुकानातून मेणाचा दोरा नेला होता. तीन गुंड्या ओढून बघून परत केल्या आणि चौथी घेतली.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाले, "इकायचं आसतं, तर दोरा कशाला घेतला आसता?"

इतकी वर्षं नोकरी करून ही गोष्ट मला दुसऱ्यानं सांगावी लागली! महिला शिपायाला घेऊन मी तडक म्हातारीच्या घरी गेलो. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत पुठ्ठ्यांची माळ पसरली होती आणि ती दाभण घेऊन मधोमध बसली होती.

"थांबा, साहेब. आदी बूट काडा. पाय पडंल."

मी मुकाट्यानं बूट काढले.

"हे तुम्ही चोरलंत?"

"चोरलं? आवो, म्याच ओवल्यालं हाय की हे! त्या कारखान्यात जलमभर पुठ्ठंच ओवलं. परवा हाल झाडताना सराव चालल्याला बगितला, मास्तरांच्या मोराची मान मोडल्याली. तितल्या काम्प्युटरवाल्या पोरांना म्हनलं, क्रम चुकलाय. तर म्हनत्यात, आजी, तुमी झाडा."

"मग त्या मुलीला सांगायचं."

"ती कुटं व्हती हितं? सोलापूरला गेल्ती. उद्या सगळ्या गावाम्होरं मास्तरांची लाज जाऊ द्यायची व्हय?"

मास्तर म्हणजे ताता. आता पोलिसाची जात. मी सहजासहजी विश्वास ठेवणार नव्हतो. विचारलं, "आकडे नाहीत, मग क्रम कसा कळतो?" तिनं माझं बोट धरून एका पुठ्ठ्याच्या कडेवर नेलं. तिथं नखाएवढी खाच होती. ठरावीक अंतरानं ती अशी खूण करायची. मधल्या पुठ्ठ्यांची भोकं तिच्या बोटांना पाठ होती. त्या पोरीला खाचा म्हणजे झीज वाटली होती. ओवायचे राहिलेले दहा-बारा पुठ्ठे मी उचलले, पिसले आणि म्हणालो, "लावा." तिनं डोळे मिटले. मी खिशातून चष्मा काढेपर्यंत पुठ्ठे लागले होते. मागं पेन्सिलीनं बारीक आकडे टाकून मी ते पुन्हा पिसले, तरी पुन्हा तोच क्रम लागला. किती जबाब नोंदवले आयुष्यात, पण इतका चोख पुरावा कुणी दिला नव्हता.

अप्रामाणिक हेतू नाही, म्हणजे चोरी नाही. जबाब घेतले, पुठ्ठे पंचनामा करून मुलीच्या ताब्यात दिले, चौकशी बंद केली. भंगारवाल्याची माफी मागून त्याला चहा पाजला. बिचारा घाबरतच प्याला. दुसऱ्या दिवशी दुपारभर म्हातारी क्रम सांगत होती आणि मुलगी कॉम्प्युटरवर फोटो हलवत होती.

दिवे लागले. भिंतीवर खालून एकेक धागा चढू लागला. पाय आले, छाती आली. ताता पुढं खुर्चीत बसले होते. चादरीवरची नक्षी त्यांना आता दिसत नव्हती, पण हा मोर दोन मजली होता. त्यांनी हात वर केला आणि धाग्यामागोमाग बोट फिरवू लागले. मान आली, अखंड. मी टोपी काढून उभा होतो, कधी काढली ते कळलं नाही.

तातांनी नातीला जवळ ओढून विचारलं, "ओवायला ती आली होती ना?"

त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. मागं उभ्या म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "व्हय मास्तर," ती म्हणाली. "हितंच हाय."

वस्तू गेली की ती विकून फायदा कुणाचा, एवढंच आम्ही विचारायचो. तिच्यावर जीव कुणाचा आहे, हेही विचारायला मी त्या प्रकरणात शिकलो. घरी जाण्याआधी ठाण्यात थांबून मी म्हातारीचा जबाब पुन्हा काढला. 'व्यवसाय' या रकान्यात आम्ही 'साफसफाई' लिहिलं होतं. मी ते खोडलं, वर 'जकार्ड कारागीर' असं लिहिलं आणि शेजारी माझी सही केली.